अठ्ठ्याण्णवलाच उकळणारं पाणी

काल औरंगपुऱ्यात अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटताना एका दवाखान्यातून स्पिरिटचा वास आला आणि मी थेट दहावीच्या प्रयोगशाळेत पोचलो.

स्पिरिटच्या दिव्यावर पाणी खळखळत होतं. प्रयोगातली माझी जोडीदार नाझनीन थर्मामीटरला डोळे लावून ओरडली, "मॅडम, अठ्ठ्याण्णवच्या पुढं सरकतच नाय!"

"शंभर लिही, बेटा."

"पण उकळतंय की इथंच!"

मॅडम वाकल्या. पारा त्यांनी नीट पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही अठ्ठ्याण्णवच दिसतंय गं. पण परीक्षक शंभरलाच मार्क देतात. तुला सायन्सला जायचंय ना?"

नाझनीननं शंभर लिहिलं. वाफेनं धुरकटलेला चष्मा तिनं पुसलासुद्धा नाही.

आपलं शहर उंचावर आहे, इथं पाणी शंभरच्या आधीच उकळतं, हे मला फार उशिरा कळलं. पोरगी बरोबर होती! 'आधी पाहा, मग माना' असं मी पत्रकात ठणकावून लिहितो. पण मॅडमनी तर पाहिलं होतं, आणि नाझनीनला सायन्सही मिळालं. मग मी चिडू कुणावर?

नाझनीन आता लासूर स्टेशनला विज्ञान शिकवते. ती पोरांना काय लिहायला सांगते, हे विचारायला मी फोन हातात घेतो आणि तसाच ठेवून देतो.