तेरावा फर्मा

अर्ध्या चादरी दोरीवर गेल्या होत्या, अर्ध्या पिळून बादलीत पडल्या होत्या, तेवढ्यात माझे सासरे बाहेरच्या चपला घालून मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, वाचनालयात चल. पाच पुस्तकं आणायची आहेत, मला एकट्याला उचलवणार नाहीत."

"बाबा, चादरी?"

"चादरी काय पळून जातात? ऊन संध्याकाळपर्यंत आहेच."

पळून जात नाहीत हे खरं, पण बादलीतल्या चादरीला वास येतो, हे पुरुषांना कोण सांगणार. हात पुसले आणि निघाले.

बाबांनी एकेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली. बाइंडर म्हणूनच सगळे त्यांना ओळखतात. पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत खळीचा वास, पुठ्ठ्यांची चळत आणि खिडकीपाशी लोखंडी दाबयंत्र. शहरातल्या त्या एका वाचनालयाची सगळी फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःहूनच काम बंद केलं. "हात हलतो तर टाका हलतो," एवढंच बोलले.

इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण वाचलं काय? जवळजवळ काही नाही. पुस्तक त्यांच्याकडे यायचं ते सुटलेलं आणि जायचं ते शिवलेलं, मग वाचणार कधी? खळ वाळेपर्यंत समोर जे पान असेल ते वाचायचे. त्यामुळे त्यांना शेकडो कादंबऱ्यांचं एकेक पान माहीत. जेवताना म्हणायचे, "एका पुस्तकात एक बाई विहिरीत अंगठी टाकते." पुढे काय होतं विचारलं, की म्हणायचे, "ते काय माहीत? तेवढ्यात खळ वाळली."

यंदा वाचनालयाने उन्हाळ्यासाठी एक यादी लावली आहे. शंभर अभिजात पुस्तकं, एका घराला पाच, दोन महिने ठेवता येतात. बाबांनी चष्मा वर करून यादी वाचली आणि ग्रंथपालबाईंना म्हणाले, "यातली सदतीस माझ्या हातची."

"मग काका, चांगली कुठली ते तुम्हीच सांगा."

"मी काय सांगणार? मला कणे माहीत आहेत."

आणि निवडलीही तशीच. कपाटातून पुस्तक काढायचं, कणा अंगठ्याने दाबायचा, मधोमध उघडून टेबलावर पालथं घालायचं, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात निळ्या कागदाचा बारीक त्रिकोण आहे का बघायचं. तो त्रिकोण म्हणजे त्यांची खूण. त्रिकोण नसलेलं पुस्तक, मग ते कितीही थोर असो, लगेच परत कपाटात. ग्रंथपालबाई हसून मला म्हणाल्या, "वहिनी, असं पुस्तक निवडताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. टरबूज घेतल्यासारखं वाजवून घेतायत."

"हसा," बाबा म्हणाले. "एकेचाळीस वर्षांत माझं एक पुस्तक परत आलं नाही."

हे वाक्य आमच्या घरात पाहुण्यांनासुद्धा पाठ आहे.

पाच पुस्तकांतलं पहिलं एका नावाड्याचं होतं. रोज सकाळी माझी प्रार्थना होईपर्यंत त्यांची वीस-बावीस पानं व्हायची, आणि दुपारी मी भाजी निवडायला बसले की तेवढी गोष्ट ते मला सांगायचे. मला कादंबरी हातात धरून बसायला सवड नाही, पण कान मोकळे असतात. संध्याकाळी रोजच्या वहीत, आज काय झालं त्याखाली, नावाड्याचं काय झालं तेही, पानांच्या आकड्यांसकट, चार ओळींत लिहायला लागले. नावाडी, त्याची आंधळी आई, लग्नाची बहीण आणि पैलतीरावरचा तो लबाड गुळाचा व्यापारी. मला त्या बहिणीची काळजी लागली होती, खोटं कशाला बोलू. एकदा प्रार्थनेत तिचं नाव आलं, मग देवाची माफी मागितली.

दहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "आज सगळं कोर्टात आहे. एक पांढऱ्या मिशांचा वकील, घराच्या वाटणीचा खटला."

"आणि नाव?"

"नावेचं काही नाही. खटला नावाड्यावरच असणार. मागे तो व्यापाऱ्याचा माणूस बुडाला होता ना."

अकराव्या दिवशी नाव परत पाण्यात, आणि बहीण तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी आलेली.

मी शेंगा सोलायचं थांबले. "बाबा, तिचं लग्न कधी झालं?"

"झालं असेल."

"असेल म्हणजे?"

"अगं, मोठे लेखक सगळं सांगत बसत नाहीत. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं."

"पाऊस पडला ते दोन पानं सांगतात, आणि बहिणीचं लग्न सांगत नाहीत?"

"तुला लग्नात जेवायचं होतं का?" ते वैतागून म्हणाले.

पण माझं समाधान होईना. उठून वही आणली आणि त्यांना वाचून दाखवली. एकशे ब्याण्णव पानापर्यंत बहिणीला दोन स्थळं आलेली. मग वकील. दोनशे नऊपासून तान्हं मूल. मध्ये लग्न नाही, आई गेली त्याचंही नाही. ती आई तर नुसती नाहीशीच झाली होती!

बाबांनी वही माझ्या हातातून घेतली, त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. पुस्तक मांडीवर उघडून त्यांनी आतल्या शिवणीवरून नख फिरवलं आणि पानं मोजली. एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ. सोळा पानं. ती पानं उरलेल्या पुस्तकापेक्षा जराशी पिवळी होती. एकदा कळल्यावर मलाही दिसली.

"हा तेरावा फर्मा," ते म्हणाले. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक शिवतात, एवढं मला या घरात राहून माहीत आहे. "दुसऱ्या पुस्तकाचा आहे. एकाच मालेची दोन पुस्तकं एकदम उसवली होती मी. माप तेच, अक्षर तेच, पानांचे आकडे तेच. त्याचा तेरावा याला लागला."

"आणि याचा?"

"त्याला."

मागच्या पुठ्ठ्यावर त्रिकोणाशेजारी पेन्सिलीने साल लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षं झाली होती.

त्या दुपारी बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी आमचे हे कामावरून आले, त्यांना सगळं सांगितलं, तर ते बूट काढता काढता म्हणाले, "एकोणीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही ना? मग झाकली मूठ ठेवा झाकलेली. गुपचूप परत करा, दुसरं आणा."

मला ते पटलं, हे लिहून ठेवते. म्हाताऱ्या माणसाची एकच बढाई आहे, तिला आपण कशाला सुई लावायची? मी बाबांना तसं म्हटलंसुद्धा. "बाबा, देवाला माहीत आहे तुम्ही मुद्दाम केलं नाही."

"देवाला माहीत असून काय उपयोग? देव वाचनालयाचा सभासद नाही." मग म्हणाले, "तू विचारलंस तसं आधी कुणीतरी विचारलं असेल, सूनबाई. आणि त्याला कुणीतरी सांगितलं असेल, मोठे लेखक सगळं सांगत बसत नाहीत."

आज सकाळी साडेदहाला आम्ही पुन्हा वाचनालयात गेलो. बाबांनी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, "माझी चूक आहे. ही सोळा पानं या पुस्तकाची नाहीत."

ग्रंथपालबाईंना खरंच वाटेना. "असं कसं काका? अहो, आमच्या वाचकमंडळात गुरुजी दर वर्षी हेच पुस्तक समजावून सांगतात. हीच प्रत नेतात. कोर्टाचा प्रसंग तर त्यांचा आवडता! नदी म्हणजे मन आणि कोर्ट म्हणजे विवेक, असं तासभर बोलतात."

"कोर्ट म्हणजे दुसरं पुस्तक," बाबा म्हणाले.

बाईंनी पुस्तक जवळ ओढलं, पुढेमागे केलं, पिवळ्या पानांवर बोट फिरवलं. मग तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या, की वर्तमानपत्र वाचणारे दोघे वर बघायला लागले. मलाही हसू आलं. बाबांना आलं नाही. ते उभेच होते.

"दुरुस्तीची वही द्या," ते म्हणाले.

"राहू द्या हो, मी लिहिते नंतर."

"तुम्ही मऊ लिहाल. मला द्या."

वही आली. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि लिहिलं. 'बांधणीत चूक. तेरावा फर्मा दुसऱ्या पुस्तकाचा. बांधणारा मी.' खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येतं. चार ओळींना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ बाई खुर्चीत बसल्या नाहीत, हे मी पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "पण काका, आता शिवणार कोण? नवा माणूस तर हल्ली नुसतं चिकटवून देतो."

"मी. सुई सूनबाई धरेल. मी बोट दाखवीन तिथे टोचेल."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण चादरींच्या कडा शिवते तशीच ही शिवण, फार तर दोन वेळा उसवावी लागेल. मी हो म्हटलं.

बाईंनी यादी काढली. त्या मालेत वाटणीच्या खटल्याची कादंबरी एकच. तिची प्रत कपाटात नव्हती. चौकाच्या पलीकडे ब्लाउज शिवणाऱ्या शिंपीणबाईंनी सोमवारीच उन्हाळ्यासाठी नेली होती.

"त्या झपाट्याने वाचतात," बाई म्हणाल्या. "एव्हाना नदीत पोचल्या असतील."

"मग आजच जायला हवं," बाबा म्हणाले. मला वाटलं आता निघतीलच, पण ते बाकावर बसले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी मान पुसली. "सूनबाई, तू हो पुढे. त्यांना सांग, पुस्तक दोन दिवसांसाठी हवंय. का हवंय तेही सांग, माझं नाव घेऊन सांग. मी इथे बसून कपाटातल्या माझ्या हातच्या बाकी पुस्तकांचे तेरावे फर्मे बघतो."

"तेरावेच का?"

"बरं, सगळे बघतो."

बाई कपाटाची किल्ली घेऊन आल्या आणि पहिली पाच पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली.

शिंपीणबाईंचं दुकान एक वाजता बंद होतं. मी आता तिकडे, ते दुसरं पुस्तक मागायला चालले आहे.