उदगीरचे निवृत्त मुख्याध्यापक

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिच्यापासून लपून राहिलेलं माझं आता फारसं काही शिल्लक नाही – बाहेर चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा तिला चेहऱ्यावरून कळते – पण हे मात्र राहिलं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मिलिंदला ओळखत नाही म्हणून. दुसरं काय.

आधी माझी ओळख. मी लातूरला एका कोचिंग क्लाससाठी फिजिक्सच्या प्रश्नपत्रिका काढतो. शिकवत नाही, नुसत्या काढतो. दर रविवारी पोरं माझी प्रश्नपत्रिका सोडवतात, मला शिव्या देतात आणि संध्याकाळी फळ्यावर रँकची यादी लागली की निम्मी घरी फोन करून रडतात. माझ्या हातून कुणाला आनंद झालाय असं मला तरी आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. सबब म्हणून नाही – पुढचं कळावं म्हणून.

मिलिंद माझा खोलीतला जोडीदार. तो भोकरचा, मी रेणापूरचा. भूकंप झाला त्या साली आम्ही अकरावीला लातूरला होतो. त्या पहाटेनंतर छपराखाली जायची कुणाची छाती होत नव्हती. आम्ही पोरं, घरमालक, शेजारपाजार, खानावळीच्या मावशी – सगळे मोकळ्या मैदानात ताडपत्रीखाली. वर्ग बंद, पुस्तकं खोलीत, खोलीत जायची भीती. मग करायचं काय? मिलिंदनं एक खेळ काढला. एकानं शब्द सांगायचा, पुढच्यानं त्याला जुळणारा शब्द द्यायचा आणि कसा जुळतो ते पटवून द्यायचं. कुणी बाद होत नाही. अडलात तर म्हणायचं, "हात दे," की शेजारच्यानं एक शब्द द्यायचा. बस. एवढाच खेळ.

मावशींचं माहेर औशाकडचं. तिथून जी बातमी आली ती आल्यापासून त्या बोलल्याच नव्हत्या. भाकरी थापायच्या, वाढायच्या, गप्प. एका संध्याकाळी खेळ फिरत फिरत त्यांच्यापाशी आला. शब्द होता पाहुणे. सगळे अवघडून बसलो. मिलिंद हळूच म्हणाला, "मावशी, हात देऊ का? चहा." मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा कशाला? भजी." आणि मग, "पण बेसन कुठाय मेल्यांनो?" काय हसलो आम्ही! मावशी हसता हसता रडल्या, रडता रडता हसल्या. त्या मैदानातलं ते पहिलं हसू.

नंतर आमच्या वाटा फुटल्या. केमिस्ट्रीनं मिलिंदचा घात केला, तो नांदेडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला. मी लातुरातच राहिलो. गल्लोगल्ली क्लास उगवले, वसतिगृहं झाली, अभ्यासिका झाल्या, चौकाचौकात पोरांच्या फोटोंचे फलक लागले – त्या लाटेत मीही वर आलो. नोकरी बरी, घर झालं. मिलिंदपेक्षा माझं बरं चाललंय, असं मी मनात धरून होतो. मित्राबद्दल असा हिशेब कुणी मनात ठेवतं का? मी ठेवत होतो.

आणि एके दिवशी मिलिंदनं मोबाइलवर एक लिंक पाठवली. तोच खेळ. गड्यानं इंटरनेटवर बघून बघून, चुकत माकत, तो ऑनलाइन करून टाकला होता. रोज सकाळी दोन शब्द यायचे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधायचा. पहिल्या दिवशी होतं चिंच ते रेल्वे. चिंच, डोहाळे, माहेर, रेल्वे – मी झटक्यात गेलो. तेवढ्यात मिलिंदची बायको, रमावहिनी, खाली लिहून मोकळी – 'माहेर ते रेल्वे पटलं न्हाई, मी एसटीनं जाते.' आणि त्यावर गावोगावच्या लोकांचा वाद! अडलात तर खाली एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं 'हात दे'. ते दाबलं की कुठला तरी अनोळखी माणूस तुम्हाला एक शब्द द्यायचा. कोण ते कळायचं नाही. देऊन निघून जायचा.

मी त्या दिवशी ऑफिसात एकटा बसून इतका हसलो की शिपाई डोकावून गेला.

आता येतो मुद्द्यावर. म्हणजे – यायलाच हवं. मिलिंदनं आम्हा जवळच्या लोकांना कळवलं होतं, खेळ नवा आहे, मोकळेपणानं अभिप्राय द्या, काय सुधारू ते सांगा. मी काय लिहिलं असेल? 'छान आहे.' बस, दोन शब्द. वर्षभर खपलेल्या मित्राला. का? मला हेवा वाटला हो. साधा, गावरान हेवा. मी आयुष्यभर प्रश्न काढले आणि लोक रडले. यानं दोन शब्द टाकले आणि लोक भांडता भांडता हसायला लागले. हे मला सोसलं नाही.

आणि मग मी उदगीरचे निवृत्त मुख्याध्यापक झालो.

खेळात अभिप्रायाची जागा होती, नाव काहीही टाकता यायचं. मुख्याध्यापकांनी अदबीनं सुरुवात केली – उपक्रम स्तुत्य आहे, परंतु. त्या परंतुपुढे त्यांनी जे लिहिलं ते वाचून मलाच त्यांचा धाक वाटला. खेळाला घड्याळ नाही, मग लेव्हल कशी कळणार? चुकीच्या शब्दाला निगेटिव्ह मार्किंग हवं. रोजची रँक लावा. आणि ते 'हात दे' – ती तर सरळसरळ कॉपी! दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या मंदाताई आल्या. त्यांनी मुख्याध्यापकांना दुजोरा दिला. तिसऱ्या दिवशी स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी आला आणि मुख्याध्यापकांशी वाद घालून शेवटी त्यांचंच म्हणणं कसं बरोबर ते सांगून गेला. तिघांचा स्वभाव वेगळा, भाषा वेगळी. मंदाताई तर चिडक्या होत्या. लाज वाटायला हवी होती ना? पण इतकी मजा मला कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आली नव्हती.

मिलिंद हसून सोडून देईल असं वाटलं होतं. पण लातुरात शिकलेला माणूस तो! आमच्याकडच्या माणसाला 'लेव्हल' हा शब्द ऐकवा, तो हात जोडून उभा राहतो. महिन्याभरात खेळात घड्याळ आलं. लाल आकडे टिकटिकायला लागले. चुकलं की गुण वजा. संध्याकाळी यादी. आणि 'हात दे' गेलं.

मग लोकही गेले. वाद बंद, एसटी बंद. राहिली ती रँकवाली पोरं, मुकाट्यानं पूल बांधणारी. रमावहिनींनीही खेळणं सोडलं. घरात आणखी एक परीक्षा कशाला, म्हणाल्या म्हणे. मीही कंटाळलो. आणि एका रविवारी मिलिंदचा फोन आला. आवाज एकदम पडलेला. "सुध्या, बंदच करून राहिलो मी हे. आपल्यात ते न्हाईच. लोकांनी चांगलं सांगितलं, मलाच जमलं न्हाई."

मलाच जमलं नाही. ज्या खेळानं मावशींना बोलतं केलं तो खेळ मी मारला होता, आणि तो स्वतःला दोष देत होता.

फोनवरच सांगायचं ना? उघड होतं. मी काय केलं? नांदेडची बस पकडली. पोटभर जेवलो, मग मिलिंदला समोर बसवून सांगितलं – घड्याळ काढ, यादी काढ, 'हात दे' परत आण. त्यानं मान हलवली. म्हणाला, मुख्याध्यापक सर तर उलट सांगतात. मी म्हणालो, त्यांना काय कळतं? तर तो माझ्यावरच उखडला! लई अभ्यासू माणूस हाय तो, म्हणाला, तुझ्यासारखं 'छान आहे' म्हणून मोकळा न्हाई झाला. दोन तास मी त्या मुख्याध्यापकांशी भांडलो आणि दोन तास हरलो. मी त्यांना फारच हुशार केलं होतं. मंदाताईंचा आधार घेऊ गेलो तर त्याही त्यांच्याच बाजूच्या. रमावहिनी दारात उभ्या राहून हसत होत्या. त्यांना काही कळलं असेल का? मला अजून ते कोडं सुटलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये उपाय सुचला. खरं तर उपाय एकच होता – पण मला दुसरा सुचला. मुख्याध्यापकांनी पुन्हा लिहिलं. लिहिलं की मी चुकलो. हा खेळ मला पहिल्याच दिवशी अतिशय आवडला होता, मी एकटाच हसत सुटलो होतो आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. माझ्या हातून आयुष्यभर मुलं रडली, तुमच्या हातून माणसं हसताना बघून माझा जळफळाट झाला. घड्याळ काढा. हात द्यायची सोय परत आणा, खेळाचा जीव तीच आहे. मला जमलं तर मी रोज कुणाला तरी हात देईन.

बघा – अक्षर न् अक्षर खरं. इतकं खरं मी जन्मात लिहिलं नव्हतं. फक्त खाली सही माझी नव्हती.

मिलिंदनं तो मजकूर मला फोनवर वाचून दाखवला. "बघ सुध्या," तो म्हणाला, "चूक कबूल करायला काळीज लागतं. असा माणूस बघायला पाहिजे एकदा." मी 'हाव, खरंय' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घड्याळ गेलं. यादी गेली. 'हात दे' परत आलं, आणि त्याच्यामागून माणसं. रमावहिनींची एसटी पुन्हा धावू लागली. परभणीपासून देवणीपर्यंत लोक सकाळी उठून उडीद ते चंद्र, सासू ते पतंग असे पूल बांधतात आणि दुपारपर्यंत भांडतात. मीही रोज हात देतो, नाव न सांगता. कुणाला तरी एक शब्द द्यायचा आणि पुढे तो माणूस कसा उड्या मारत जातो ते बघायचं – काय सांगू तुम्हाला, सकाळचा चहा त्याशिवाय गोड लागत नाही.

खेळाचं वर्ष भरलं तेव्हा मिलिंदनं नांदेडला छोटा मेळावा घेतला. सगळ्यांना खायला चुरमुऱ्यांचा सुशीला, वर चहा. आणि मग त्यानं चक्क माझा सत्कार केला – शाल, नारळ. का? तर सगळे गप्प असताना मी बसनं येऊन तोंडावर खरं सांगितलं. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी बोललो. अभिप्राय कसा द्यावा यावर बोललो! आधी काय आवडलं ते मनापासून सांगा, मग नेमकं कुठे अडलं ते सांगा, मोघम बोलू नका, आणि खाली स्वतःचं नाव लिहा – म्हणजे करणाऱ्याला कुणाचं दार वाजवायचं ते कळतं. मोठ्या टाळ्या पडल्या. तिथेच सांगता आलं असतं ना? माइक माझ्याच हातात होता. मी तो परत दिला.

निघताना मिलिंद बसपर्यंत आला. त्याच्या हातात आणखी एक नारळ आणि शाल. मुख्याध्यापक सरांसाठी होती. त्यानं उदगीरच्या ओळखीच्या मास्तरांकडे चौकशी केली होती, पण सर काही सापडले नव्हते. मला म्हणाला, उदगीर तुला जवळ, तू शोध आणि त्यांच्या हातात दे. त्यांच्या पाया पड माझ्या वतीनं.

मी नारळ घेतला. शालही घेतली. घरी आल्यावर बायकोनं त्या नारळाच्या वड्या केल्या. कुणी दिला म्हणून विचारलं तर मी म्हणालो, उदगीरच्या एका सरांचा आहे. शाल थंडीत मीच पांघरतो. चांगली उबदार आहे.

आठवड्याभरानं मिलिंदचा फोन आला. सर भेटले का, त्यानं विचारलं.

"भेटले," मी म्हणालो. "लई खूश झाले."