थंड पाण्यानं सुटणारी पट्टी

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी यवतमाळ जिल्हा म्हटलं, की समोरच्याचा चेहरा लगेच पडायचा. ते कापसाचे वाईट दिवस होते आणि पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव एकाच कारणासाठी यायचं. "घरी सगळे ठीक ना?" असं लोक हळू आवाजात विचारायचे. मला भयंकर राग यायचा. आमच्याकडे शेत नव्हतंच. बाबा आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते, आईला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि घरी सगळे म्हणजे बाबा एकटेच. पण एवढं सांगत कोण बसणार? "ठीक" म्हणायचं आणि लॅबमध्ये शिरायचं.

लॅबमध्ये माझं काम चिकटण्याचं आणि सुटण्याचं होतं. जेलचे बारीक कण बनवायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत शंभराहून जास्त मावतील, आणि त्यांचा थर काचेवर बसवायचा. बत्तीस अंशांच्या खाली हे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्यावरून वस्तू सहज घसरते. बत्तीसच्या वर गेलं की ते पाणी सोडून आक्रसतात आणि तीच काच चिकट होते. पुढेमागे यातून एक मलमपट्टी व्हावी, अंगाच्या उबेनं चिकटून राहणारी आणि थंड पाणी लावलं की न दुखवता निघणारी, असं आमच्या सरांचं स्वप्न होतं. माझं स्वप्न पीएचडी एकदाची संपावी एवढंच होतं. त्या एसीच्या खोलीत मी दिवसभर एकटी पट्ट्या चिकटवायची, ओढायची आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायची. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज आपण कुणाशी बोललोच नाही.

बाबांचा फोन रविवारी यायचा. "बरा हाय मी. जेवलो. तू जेवली का?" एवढ्यात संपायचा. त्यांचं जिनिंग त्या हंगामात उघडलंच नाही, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबांची पोटरी गाडीच्या सायलेन्सरला भाजली आहे आणि दोन महिने झाले तरी जखम भरत नाही, हेही काकूंनीच सांगितलं. बाबांना शुगर होती. मी एप्रिलमध्ये सुटी काढून निघाले.

विहाराच्या मागे आमच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. बाबा जमिनीवर पाय मुडपून बसले होते आणि मागे भिंतीला दाढीचा आरसा टेकवून ठेवला होता, कारण पोटरीच्या मागची जखम एकट्या माणसाला दिसत नाही. जखमेवर कापूस होता. दुकानातला नाही, उशीतला. वाळून असा बसला होता, की जखम कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळेना.

"बाबा, हे काय लावलं तुमी?"

"कापूस. चांगला हाय, लांब धाग्याचा."

"अन् काढता कसा?"

"ओढून."

जन्मभर कापसात राहिलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. दवाखान्यातली पट्टी संपली, की ते सरळ उशी उसवायचे. दर दोन दिवसांनी कापूस ओढला की नवी कातडी त्याच्याबरोबर निघून यायची आणि जखम पुन्हा पहिल्यासारखी. माझा पारा चढला. "चार सालापासून मी तिकडं हेच शिकून राह्यली, अन् इथं तुमी असं करता!"

"मले काय मालूम तू काय शिकून राह्यली? तू कवा सांगतलं?"

ते खरं होतं. मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बॅगेत एक थर दिलेली काच होती. मी ती काढली, ताटलीत टाकीचं पाणी घेतलं, काच त्यात ठेवली आणि तिच्यावर कापडाची एक पट्टी दाबली. "पाहा आता, कशी घसरते," मी ऐटीत म्हटलं. पट्टी हलेना. ओढली तर काचही तिच्याबरोबर वर आली. मला घाम फुटला. आणि घामानंच लक्षात आणून दिलं. आर्णीतला एप्रिल, दुपारचे बारा, पत्र्याचं छप्पर. टाकीचं पाणी हात भाजेल असं. बत्तीसच्या खालचं पाणी या गावात आता पावसाळा येईपर्यंत टाकीत कुठून मिळणार? आर्णीची पोर असून मी एसीच्या हिशेबानं वागले होते. इतकी बावळट मी कधी झाले नव्हते.

बाबा मात्र हसले नाहीत. बिघडलेल्या यंत्राकडं पाहावं तसं त्यांनी काचेकडं पाहिलं, बोट लावलं, बोट ओढलं. मग लंगडत उठले, ताटलीतलं पाणी ओतून दिलं आणि माठातलं गडूभर आणून ओतलं. जरा वेळानं पट्टी अलगद सुटून तरंगायला लागली.

"थंडं लागलं का सोडते," ते म्हणाले. माझी चार वर्षं त्यांनी चार शब्दांत बसवली.

मग काचेवरची नजर न हलवता म्हणाले, "मंग हे माह्या पायाले लाव ना."

बाबांनी आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. आईच्या आजारपणात सुद्धा नाही. आणि मला नाही म्हणावं लागलं. आम्ही ते अजून उंदरावरही लावलं नव्हतं. त्यातलं काही उघड्या जखमेत गेलं असतं, तर शुगरचा पाय, मग पायच काढायची वेळ.

"नाही बाबा. माणसाले नाही लावता येत हे अजून."

"कवा येईन?"

"दहा-बारा साल तरी लागतीन."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी ती पट्टी पाण्यातून काढली, पिळली आणि दोरीवर वाळत घातली. मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी स्टोव्ह पेटवायला गेले.

पाणी उकळलं, निववलं, त्यात मीठ घातलं आणि कापूस थेंबाथेंबानं भिजवत बसले. एक तास लागला. त्या तासात बाबा तीन वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले. आई रोज सकाळी उगाच कशी भांडायची, बंद जिनिंगचं कुलूप पाहायला ते अजून कसे चक्कर मारून येतात, असलं काहीबाही. कापूस शेवटी एकाही ओरखड्याशिवाय निघाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम लावलेली जाळीची पट्टी दिली आणि काढण्याआधी नीट भिजवायला बजावलं. मी बाबांना आरशात बघून कसं भिजवायचं ते शिकवलं आणि चौथ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसले.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. "तुहे बाबा काई पट्टी भिजवत नाही. तशीच ओढते. रगत येते."

मी तिथल्या तिथं बाबांना फोन लावला आणि तोंड सोडलं. तुम्हाला पाय नको आहे का, मी उगाच आले का, काय वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "ओढलं का एका झटक्यात होते, माय. भिजवत बसलं का घंटाभर तू आठवते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता मी फोन करायला लागले. पट्टी बदलायचा दिवस असला, की बाबा फोन शेजारी ठेवून भिजवायला बसायचे. बोलायला आमच्याकडं फारसं काही नसायचं. माझ्या कानात पाण्याचा आवाज यायचा, मध्येच त्यांचं खोकणं, रस्त्यावरची एखादी गाडी. लवकर सुटेल असं काहीतरी बनवणं हे माझं काम होतं, पण त्या तासात ती पट्टी जरा उशिरा सुटावी असं मला वाटत राहायचं.

"सुटली बरं," बाबा म्हणायचे, आणि फोन ठेवून द्यायचे.