ताकवाल्या मावशींची जर्मन नोट

राजगडाखाली गुंजवण्यात ताक विकणाऱ्या मावशींनी एकदा पदराची गाठ सोडून मला शंभर मार्कांची जर्मन नोट दाखवली. फार वर्षांपूर्वी गड उतरताना पाय मुरगळलेल्या एका गोऱ्या पाहुण्याला त्यांनी तेल चोळून दिलं होतं. ही नोट त्यानेच दिलेली. बँकेत मात्र, “हे चलन बंद झालं,” म्हणून त्यांना परत पाठवलं होतं.

“जर्मनीत अजून बदलून देतात, मावशी. मी कामासाठी जाणारच आहे तिकडे.”

“मंग न्या की!” नोट माझ्या हातात देऊन त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्यासुद्धा. ना नाव विचारलं, ना मोबाईल नंबर.

चार महिन्यांनी मी पन्नास युरोची नोट घेऊन गेलो. मावशींनी ती उलटसुलट पाहिली.

“आदीच्या नोटंवर बाई व्हती. हितं नुसती खिडकी! खिडकी उघडी टाकून कुठं गेली बया?” आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

युरो ठेवून घेऊन मी त्यांना रुपये दिले. मग न राहवून विचारलं, “मी परत आलोच नसतो तर?”

माझ्यापुढे ताकाचा ग्लास ठेवत त्या म्हणाल्या, “मंग तुमाला नड व्हती, आसं समजले आस्ते.”