गुडघ्यांवरचा ड्रायव्हर

ड्रायव्हरला बस सोडावी लागली ती डोळ्यामुळे. उजव्या डोळ्यापुढे कुणी मळका पडदा ओढावा तसं व्हायला लागलं. उपचार झाले, डोळा वाचला, पण परवाना काही परत मिळाला नाही. उभी हयात शहराच्या बसवर काढलेला माणूस घरी बसला आणि खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्या बसेसवर ओरडू लागला. "अरे, वळण असं घेतात का? मागे माणसं आहेत की बटाटे?"

त्याच्या बायकोला सगळे ताई म्हणत. लाकडी जमिनींचं काम ती आपल्या सुतार मामाकडून शिकली होती. जुन्या फळ्या घासून कोऱ्या करायच्या, धूळ टिपायची आणि जवसाचं तेल द्यायचं. ती ‘तेल लावते’ म्हणत नसे, ‘तेल पाजते’ म्हणे. व्हार्निश लाकडावर काचेसारखं बसतं, तेल आत मुरतं, आणि चालताना पायाला लाकूडच लागतं, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. आरशासारखी चकाकी मागणाऱ्याला ती सरळ दुसऱ्याचा पत्ता देई.

एक दिवस ड्रायव्हरची बहीण आली, भावाचा खिडकीतला तमाशा तिने पाहिला आणि म्हणाली, "वहिनी, दादाला कामावर न्या. नाहीतर तो तरी वेडा होईल, नाहीतर तुम्ही तरी."

"त्यांना गुडघ्यांवर बसायला जमेल का?" ताईने विचारलं.

"न जमायला काय झालं? बरंच आहे. दादाचे पाय एकदाचे जमिनीवर येतील."

"पाय नाही, गुडघे," ड्रायव्हर खिडकीतूनच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तेलाचे डबे उचलायला तोच पुढे होता.

काम त्याला वाटलं तितकं सोपं नव्हतं. तेलाचा हात पातळ द्यायचा, लाकडाला प्यायला वेळ द्यायचा आणि वर उरलेलं सगळं कोरड्या सुती फडक्याने टिपून काढायचं. मग वाळेपर्यंत तिकडे फिरकायचंही नाही. ड्रायव्हरला हे थांबणं सोसेना. "नुसतं बघत काय बसायचं? थांब्यावर एवढा वेळ थांबलो असतो तर लोकांनी मला खाली ओढलं असतं!" तेलाची फडकी ताई दोरीवर एकेक पसरून वाळवायची, त्याचीही त्याने चेष्टा केली. ती म्हणाली, "बोळा करून टाकलेलं फडकं आपसूक तापतं आणि पेट घेतं. मामाची आख्खी शेड गेली होती." तेव्हापासून फडक्यांच्या बाबतीत तो गप्प झाला. घाई मात्र अंगात होती तशीच राहिली.

ती घाई नडली नाचाच्या वर्गात. एका बाईंचं नृत्याचं छोटंसं विद्यालय होतं, मुली अनवाणी नाचायच्या. त्या दिवशी ताईला दुसरीकडे लाकूड बघायला जायचं होतं. अर्धा हॉल तिने स्वतः केला, अर्धा नवऱ्यावर सोपवला आणि दोनदा बजावलं, "अहो, पातळ. आणि पुसून घ्या, विसरू नका." ड्रायव्हरने विचार केला, एकदाच भरपूर दिलं तर दुसरा हात द्यायला नको. त्याने तेल सढळ हाताने ओतलं, पुसताना वरवर फडकं फिरवलं आणि दार लावून घरी आला. संध्याकाळी शीळ घालत होता.

वर्ग सुरू झाला त्या सकाळी बाईंचा फोन आला. दोघं धावत गेली. हॉलच्या एका अर्ध्या भागात मुली मजेत गिरक्या घेत होत्या. दुसऱ्या अर्ध्या भागात पाऊल उचललं की चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज येत होता. तळवे काळे झाले होते, आणि एक लहानगी एका जागी पाय रोवून हसत सुटली होती. तेल आत गेलंच नव्हतं. वरच्या वर साखरेच्या पाकासारखं साचलं होतं.

बाई रागावल्या होत्या आणि ते साहजिक होतं. "ताई, तुमच्या भरवशावर मी वर्गाची तारीख दिली. हे कुणी केलं?"

ड्रायव्हर भिंतीशी उभा होता. आता बायको आपल्याकडे बोट दाखवणार, याची त्याने मनातल्या मनात तयारी केली. ती म्हणाली, "आमची चूक झाली. आम्हीच निस्तरतो. दोन दिवस त्या अर्ध्या भागात वर्ग घेऊ नका."

‘आमची’ हा शब्द ड्रायव्हरला फार लागला. शिव्या परवडल्या असत्या, असं त्याला वाटलं.

मग दोघं कामाला लागली. चिकट थरावर ताजं तेल चोळायचं म्हणजे जुनं सैल होतं, मग खरखरीत घासणीने गोल गोल घासायचं, सुटलेला चिखल टिपायचा आणि पुढच्या फळीवर सरकायचं. घासता घासता ड्रायव्हर म्हणाला, "मला नोकरीवरून काढतेस का?"

"कुठली नोकरी? पगार कुठे देते मी तुम्हाला?"

"तेही खरंच."

"त्या कोपऱ्यात राहिलंय बघा. आणि सावकाश. मागे कुणी घंटा वाजवत नाहीये."

तो हसला आणि कोपऱ्याकडे सरकला. त्या कामात त्याचे गुडघे सुजले, पण जमीन सुधारली. बाईंनी दोन्ही भागांवरून अनवाणी चालून पाहिलं आणि मान डोलावली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर ताईने एक गोष्ट शहाणपणाची केली. तेल द्यायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं आणि झालेल्या जमिनींची देखभाल नवऱ्याकडे दिली. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगून ती थकली होती. बादलीभर पाण्याने पुसू नका, खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे चिकटवा, ये-जा असते तेवढ्याच पट्ट्यावर वर्षातून एकदा तेल द्या, सगळी जमीन घासायची गरज नाही. लोक हो हो म्हणत आणि पुन्हा पाणी ओतत. ड्रायव्हरचं तसं नव्हतं. रोज शेकडो माणसांना "पुढे सरका, दार सोडा" म्हणून वळण लावलेला तो माणूस. घरात शिरला की तो आधी फडकं पिळून दाखवायला सांगे. "हे पिळलेलं? यातून तर पाऊस पडतोय. पुन्हा पिळा." लोकांना राग यायच्या ऐवजी गंमत वाटे, आणि फडकी खरोखर कोरडी होऊ लागली. घासताना लागणारा धीर त्याला कधी साधला नाही. पण कुठे चालणं जास्त आहे, कुठे फळी फिकी पडली आहे, हे तो दारातूनच ओळखू लागला. माणसं कुठून चढतात आणि कुठे उतरतात, हेच तर त्याने आयुष्यभर पाहिलं होतं.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाचा ताईला फोन आला. "अहो ताई, तुमचे मिस्टर केव्हाचे आमच्या जेवणाच्या टेबलाखाली शिरलेत. चहा निवला. काही झालंय का त्यांना?"

"काही नाही," ताई म्हणाली. "खुर्च्यांचे पाय बघत असतील. तुम्ही चहा तिथेच खाली सरकवा."