ह्यांच्या टाकीतलं पाणी

सकाळचं पाणी भरून झालं. डबा करायचा नव्हता, म्हणून मी ह्यांच्या काचेच्या टाकीकडे वळले. नव्वदच्या दशकातलं आमचं बेलवलीचं घर. हे जाऊन पंधरा दिवस झाले होते. मागे प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे राहिले होते. टाकीतलं पाणी रोज आटायचं. मी ह्यांनी कॅनमध्ये साठवलेलं समुद्राचं पाणी वरून ओतत राहिले. त्या सकाळी दोन्ही मासे मेलेले दिसले.

आज, इतक्या वर्षांनी, नातीसोबत उल्हासनगरला माशांच्या दुकानात गेले. सिंधी शेठ एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "साईं, पानी उडता है, नमक नहीं. ऊपर से सादा पानी डालो."

आमटी आटली म्हणून मी कधी मीठ घातलं नाही. तुम्हाला कुणाला इतक्या उशिरा काही कळलंय का?

तेव्हा मासे मी तुळशीत पुरले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी घासली आणि पालथी घातली.