मालती (नाव बदललेले)

माझ्या संशोधनाचा समाजावर प्रत्यक्ष परिणाम झालेला आहे. आमच्या लालबागच्या इमारतीतली एक सून त्यामुळे तीन दिवस माहेरी जाऊन राहिली.

मी समाजकार्याच्या कॉलेजात शिकवतो आणि शिकवता शिकवता पीएचडी करतो. माझा विषय चाळीतून टॉवरमध्ये आलेल्या म्हाताऱ्या बायकांचा एकटेपणा. त्यासाठी मला लांब जावं लागलं नाही. आमचीच चाळ पाडून तिथे दोन विंगांची उंच इमारत झाली, आणि जन्मभर उंबऱ्यात बसून तांदूळ निवडलेल्या बायका बंद दारांआड गेल्या. आमच्या ए विंगमधल्या अशा आठजणींच्या मी मुलाखती घेतल्या. बी विंगमध्ये मागच्या चाळीतली माणसं आली होती. त्यांना मी ओळखत नव्हतो. आई ओळखायची. आई सगळ्यांनाच ओळखते.

संशोधन करण्यापेक्षा ते कुणाला तरी ऐकवायला मिळणं जास्त अवघड. मी तीन परिषदांना गोषवारा पाठवला. पहिलीचं उत्तरच आलं नाही. दुसरीने कळवलं की यंदा दर्जेदार निबंध फार आले (म्हणजे माझा त्यांत नव्हता). तिसरीने दहा मिनिटांत स्वीकारला, मला 'थोर प्राध्यापक' म्हटलं आणि प्रमुख वक्ता म्हणून बोलावलं. आईने देवापुढे पेढे ठेवले. संध्याकाळी मी पत्र पुन्हा नीट वाचलं, तेव्हा ती परिषद कुक्कुटपालनाची निघाली.

"मग काय झालं?" आई म्हणाली. "कोंबड्यांवर पण बोल की चार शब्द. बोलावतायत ना?"

चौथी परिषद मात्र खरी होती. काठमांडूला, शहरांतल्या वृद्धांवर. इतकंच नाही, तर प्रवासखर्च देणाऱ्या एका संस्थेने माझं तिकीटही मंजूर केलं. अट एकच होती. निघण्याआधी संशोधनाचे निष्कर्ष स्थानिक भाषेत लोकांपर्यंत पोहोचवायचे आणि पुरावा म्हणून फोटो पाठवायचे.

मी आठ पानांची मराठी पुस्तिका करायला घेतली. मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीला मी लेखी वचन दिलं होतं की खरं नाव कुठे येणार नाही. त्यामुळे आठ खोटी नावं हवी होती. आई ओट्यापाशी कोळंबी सोलत होती.

"आई, सत्तरीच्या बायकांची असतात तशी आठ नावं सांग ना."

आईने मान वर न करता सांगितली. "मालती. सुलोचना. शकुंतला. कुसुम..." आठव्या नावाला कोळंबी संपली. मी यादी तपासली. आठांपैकी एकही नाव ए विंगमधल्या कुणाचं नव्हतं. आपण किती काटेकोर आहोत, असं वाटून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पन्नास प्रती झेरॉक्स काढल्या. ए विंगमध्ये वाटून वीस उरल्या, म्हणून त्या बी विंगच्या वॉचमनकडे ठेवल्या आणि 'घरोघरी द्या' म्हणून सांगितलं. नंतरचं सगळं त्या वीस प्रतींनी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात साधारण माझ्या बायकोच्या वयाची एक बाई, हातात पुस्तिका.

"नितीनदादा तुम्हीच ना? मी प्राजक्ता. बी विंग, नववा मजला." तिने पान तीन उघडून वाचलं. "'मालती, वय बहात्तर. सून दिवसभर घरातच असते, पण फोनवर असते. तिच्याशी बोलायचं तर मला शेजारच्या खोलीतून फोन लावावा लागतो.' बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. कुणीतरी पुस्तिका खरोखर वाचली याचा मला आनंद झाला होता.

"माझ्या सासूबाईंचं नाव मालती. वय बहात्तर. आणि मी घरून काम करते, फोनवर."

"अहो, तिथे कंसात लिहिलंय, नाव बदललेले."

"कुठे बदललंय? मालतीच तर आहे."

ती गेली. मी स्वयंपाकघरात गेलो. "आई, ती आठ नावं कुणाची होती?"

"बी विंगमधल्या आमच्या भजनी मंडळाची. का रे?"

"आई, मी ती छापली."

"माका काय म्हायत तू छापतलंस म्हणान?" आई चिडली की थेट गावच्या बोलीत शिरते. "माका वाटला, लग्नाची पत्रिका धाडूची असतली."

(लग्न कुणाचं, ते मी विचारलं नाही.)

दुपारपर्यंत दुसरी बातमी आली. पान पाचवर 'सुलोचना, वय चौऱ्याहत्तर' म्हणाली होती, "डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. मी देवळात जाते सांगून खाली येते आणि कोपऱ्यावर जिलबी खाते. तेवढीच कुणाशी तरी गाठ पडते." बी विंगमधल्या खऱ्या सुलोचनाकाकूंना कसला आजार असल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या रोज खरोखरच देवळात जायच्या. त्यांच्या मुलाने पुस्तिका वाचली आणि त्यांना सरळ तपासणीला नेलं. काकू वाटभर शपथा घेत होत्या. रिपोर्ट आला तर साखर दोनशे ऐंशी.

माझ्या अभ्यासातला तेवढाच एक निष्कर्ष प्रयोगशाळेत सिद्ध झाला.

तिसऱ्या दिवशी कळलं, की प्राजक्ता बॅग भरून माझगावला माहेरी गेली. मालतीकाकू 'मी असं बोललेच नाही' म्हणून सांगत होत्या, आणि प्राजक्ता म्हणत होती, 'छापून आलंय.' आता मात्र मला हसू येईना. मी मालतीकाकूंना भेटायला गेलो. घरात एकट्याच होत्या. चहा ठेवायला उठल्या आणि दूध कुठे असतं ते आठवेना म्हणून पुन्हा बसल्या.

"नितीन, तू नुसतं सांग रे तिला, ते कोण बोललं. एवढंच सांग."

सांगणं सोपं होतं. ते वाक्य होतं आमच्याच मजल्यावरच्या विमलमावशींचं. एक नाव घेतलं असतं, तर इथलं घर सावरलं असतं आणि आमच्या शेजारचं मोडलं असतं. विमलमावशी ते बोलल्या होत्या दार लावून, आवाज खाली करून, आणि नंतर मला दोनदा विचारलं होतं, "नाव नाही ना येणार?"

मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. मी सांगत असताना पलीकडून मधूनमधून खोकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मॅडमना सर्दी झाली. नंतर लक्षात आलं, की त्या हसू आवरत होत्या.

"नाव सांगायचं नाही," अखेर त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांसमोर उभा राहून चूक कबूल कर. आणि त्या संस्थेलाही कळव."

"मॅडम, तिकीट रद्द होईल."

"होऊ दे. तू कोंबड्यांना जा."

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दोन्ही विंगांच्या बायका जमल्या. प्राजक्ताला आईने फोन करून बोलावलं होतं. ती मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली, म्हणजे केव्हाही उठता यावं. मी उभा राहिलो.

"या पुस्तिकेतली मालती ही मालती नाही," मी सुरुवात केली. "सुलोचना ही सुलोचना नाही. नावं माझ्या चुकीने इथल्याच बायकांची पडली. त्या आठजणींपैकी कुणीही या आठजणींपैकी नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाला काही समजल्यासारखं दिसत नव्हतं.

"मग आमची मालती कोण आहे?" कुणीतरी विचारलं.

"त्या मालतीच आहेत. पण पुस्तिकेतली मालती दुसरी आहे, जिचं नाव मालती नाही."

"मग तिला मालती कशाला म्हणतोस?"

"मग ते बोललं कोण, ते सांगा ना," प्राजक्ता मागून म्हणाली.

"ते मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय. तुम्ही माझी तक्रार करा कॉलेजात, मी काही म्हणणार नाही. पण मालतीकाकू ते बोललेल्या नाहीत."

प्राजक्ता उठली. पर्स खांद्याला लावली. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "बस गो बाय. ती मी."

विमलमावशी उभ्या होत्या. शेजारी त्यांची सून बसलेली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मी बोलले ते. एकदा बोलले, बरं वाटलं. नाव लपवायला मीच सांगितलं त्याला. आता दुसरीच्या घरात भांडण लागलं तर मी गप्प कशी बसू?"

मावशींची सून खाली बघत राहिली. मग तिने मावशींची खुर्ची थोडी जवळ ओढली आणि म्हणाली, "आई, बसा आधी. पाय दुखतील."

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. "जिलबीवाली मी," ए विंगमधल्या एक आजी म्हणाल्या. सुलोचनाकाकू लगेच वळल्या, "कुठल्या दुकानात जाता तुम्ही?" (त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता.) एकेक करत आठही जणी उभ्या राहिल्या. गोपनीयतेचे माझे आठ करारनामे पाच मिनिटांत निकालात निघाले. मालतीकाकू मात्र विचारात पडलेल्या. शेवटी हळूच सुनेला म्हणाल्या, "मी बोलले नव्हते गं. पण वाचलं तेव्हा वाटलं, हिने अगदी बरोबर सांगितलंय."

प्राजक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तू फोनवर होतीस."

त्या दुपारी प्राजक्ता बॅग घेऊन परत आली. हल्ली साडेचारला ती फोन बंद ठेवते आणि दोघी चहा घेतात, असं आई सांगते.

मी संस्थेला सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आणि सोबत हॉलमधला फोटो जोडला. फोटोत दहाबारा बायका उभ्या राहून एकमेकींकडे बोटं दाखवत आहेत आणि कोपऱ्यात मी भिंतीला टेकलो आहे. उलट टपाली उत्तर आलं: चूक कळवल्याबद्दल आभार, पुस्तिका मागे घ्यावी, आणि लोकांचा एवढा उत्स्फूर्त सहभाग आम्ही क्वचितच पाहिला आहे. तिकीट कायम राहिलं.

काठमांडूत मला बारा मिनिटं मिळाली. हॉलमध्ये सहा माणसं होती, त्यांतली दोघं माझ्यानंतरचे वक्ते आणि एक जण माइकवाला. तरी मी मन लावून बोललो.

परत आल्यावर तोच निबंध एका नियतकालिकाला पाठवला. मॅडमच्या आग्रहाखातर शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली हा सगळा घोळ दीड पानात लिहिला. चार महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, बाकी प्रत्येक मुद्द्यावर त्यांचे मतभेद होते. एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं: लेखकाच्या चुकांचं दीड पान उत्तम आहे, ते ठेवावं. उरलेली अठरा पानं कमी करता येतील का, ते पाहावं.